माणगंगेच्या अलीकडे

पोह्यांचा ट्रे घेऊन मी पडद्याबाहेर आले आणि नेमकं त्याच वेळी पाहुण्यांनी अप्पांना कोटाबद्दल विचारलं.

"पोरेसाहेब, हा कोट तुम्हीच शिवलेला दिसतोय," फलटणचे तात्या खटावकर म्हणाले. "अशी कॉलर हल्ली बसते कुठं? काय करता काय तुम्ही तिला?"

विट्यात आमचं घर आणि अप्पांचं शिंपीकामाचं दुकान एकच होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. त्या दिवशी मशीन भिंतीला सरकवून खाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर तात्या, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा प्रभाकर बसले होते. मला बघायला आले होते. अप्पा समोर खुर्चीवर, इस्त्रीचा कोट घालून, आणि गळ्यात टेप तशीच राहिलेली. कोटाचं नाव निघताच ते खुर्चीत पुढे सरकले. डोळे लकाकले. ती लकाकी मला ठाऊक होती, आईला ठाऊक होती, आणि आईचा धाकटा भाऊ बबनमामा खास म्हसवडहून आला होता तो त्या लकाकीचाच बंदोबस्त करायला.

कारण अप्पा एकदा बोलायला लागले की संपलं. कॉलर सांगायची तर आधी कॅनव्हास सांगायला हवा, कॅनव्हास सांगायचा तर तो जिथून आणला त्या मिरजेच्या दुकानाचा मालक, मालकाचा मोडलेला पाय, पाय मोडला तो दिवस. मग तो दिवस मंगळवार होता की बुधवार, इथं गाडी अडायची. "मंगळवार. नाही, थांबा, बुधवार. मंगळवारी मी न्हाव्याकडे गेलो होतो." समोरच्याला त्या मंगळवाराशी काही देणंघेणं नसायचं, पण अप्पांना वार चुकलेला चालत नसे. माप घ्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक गळ्याभोवती टेप असल्यामुळे पळूनही जाऊ शकत नसे. म्हणून गावानं एक युक्ती काढली होती. विट्यातली माणसं स्वतः मापाला यायची बंद झाली. पोरासोरांबरोबर मापाचा जुना शर्ट पाठवून द्यायची. अप्पा तो शर्ट टेबलावर पसरायचे, त्याच्या बाह्या नीट करायचे आणि म्हणायचे, "हल्ली माणसं नुसते शर्टच पाठवतात, मंदा. कामात असतात बिचारी."

यात कुणाला हसू यायचं, कुणाचे कान किटायचे. पण आदल्या वर्षी कराडचे पाहुणे मला बघून गेले होते तेव्हा कुणी हसलं नव्हतं. अप्पांनी त्यांना बटणाचं काज हातानं कसं करतात ते सांगायला घेतलं. पोहे निवले, चहावर साय आली, तरी काज काही पुरं होईना. शेवटी मुलाच्या काकांनी बोलता बोलता चपला घातल्या. मध्यस्थानं नंतर आईला सांगितलं, "मुलीत नाव ठेवायला जागा नाही वहिनी. पण मुलगा म्हणतो, दर सणाला सासऱ्यासमोर बसायचं म्हणजे..." पुढचं त्यानं आईच्या तोंडाकडे बघून गिळलं. आईनं ते अप्पांना सांगितलं नाही. पत्रिका जुळली नाही म्हणाली.

तर आता पुन्हा तोच प्रसंग. सकाळी मामानं अप्पांना बजावलं होतं, "दाजी, आज तेवढं बेतानं बोला." अप्पांनी "अरे, मी कुठं बोलतो?" म्हणून मान डोलावली होती. आणि आता तात्यांनी स्वतःच कॉलरला हात घातला.

अप्पांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे..."

"दाजी बोलणार नाहीत," बबनमामा मध्येच मोठ्यानं म्हणाला. "आज गुरुवार ना. दत्ताचं मौन असतं त्यांचं. आत्ता विसरून शब्द गेला तोंडातून."

आमच्या घरात मशीन कधीमधी गप्प असायची, अप्पा नाही. मी आईकडे पाहिलं. आई क्षणभर गांगरली. मग तिनं पदर सारखा केला आणि मान हलवली. "हो. गुरुवारचं असतं."

अप्पांनी मामाकडे पाहिलं. मग आईकडे. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या पोह्यांकडे. उलटा शर्ट घालून गावभर हिंडून आल्यावर घरी आरशात दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. उघडलेलं तोंड त्यांनी हळूच मिटलं आणि पाहुण्यांना हात जोडले.

आणि तात्या खटावकर उठून उभे राहिले. ते पक्के दत्तभक्त निघाले. "अहो, आधी सांगायचं नाही का?" म्हणत त्यांनी वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. "प्रपंचात राहून मौन पाळणारा माणूस या काळात? प्रभाकर, नमस्कार कर." प्रभाकरनं केला. अप्पा पाय मागे घ्यायला लागले, पण मागे खुर्चीच होती.

त्यानंतर मला कुणी फारसं काही विचारलंच नाही. तात्याच बोलत होते. गाणगापूरला कसे गेले, गाडीत कोण भेटलं, त्यानं काय सांगितलं, सगळं अप्पांना सांगत होते. अप्पा ऐकत होते. निघताना तात्यांनी आईला सांगून टाकलं, "विहीणबाई, आमची पसंती समजा."

पाहुणे गेले आणि मामानं मांडीवर थाप मारली. "जमलं! अक्का, साखर आण."

आई साखर घेऊन आली, पण अप्पांच्या समोर येऊन थांबली. ते तसेच खुर्चीत होते.

"अहो, गेले ते. बोला आता."

अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

"म्हणजे? अहो, बबननं वेळ मारून नेली. तेवढ्यापुरतं होतं ते."

अप्पांनी मान हलवली, मशीन पुढे ओढली आणि कामाला बसले. दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "दत्ताच्या नावानं खोटं बोलून मुलगी द्यायची नाही. आता ते खरं करायचं. दर गुरुवारी पाळायचं."

"आयुष्यभर?" मी विचारलं.

"तू सुखात आहेस तोवर," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अप्पांच्या सगळ्या चऱ्हाटांत एक चऱ्हाट माझं होतं. माझ्या जन्माचं. आई बाळंतपणाला म्हसवडला माहेरी गेली होती आणि मी झाल्याचा निरोप अप्पांना विट्याला मिळाला. "निरोप आला तो मंगळवार," अप्पा सुरू करायचे, "नाही, बुधवार. कारण मी गुळवणी मास्तरांच्या कोटाला अस्तर लावत होतो." अस्तर अर्धं टाकून ते निघाले, पण चुकून मास्तरांचाच कोट अंगात घालून. मायणीच्या पुढे गाडी बंद पडली. मग एक बैलगाडी मिळाली, गाडीवान बहिरा, पण त्याला बोलण्याची हौस भारी. मग पायी. मग माणगंगेचं पात्र, त्याच्या पलीकडे मामाचं घर. लहानपणी मला या गोष्टीत नदीशी पोचेपर्यंत झोप लागायची. मोठेपणी तोवर गिऱ्हाईक यायचं, नाहीतर आई म्हणायची, "पुरे हो आता, पोरगी पेंगतेय." गोष्टीतल्या माणगंगेच्या अलीकडच्या काठावर मी अप्पांबरोबर पुष्कळदा उभी राहिले होते. पलीकडे गेले नव्हते. नदी ओलांडून, मास्तरांच्या कोटात, त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय झालं, ते मला कधी कळलंच नव्हतं.

"तुझ्या लग्नाच्या पंगतीत सांगणार आहे मी ही गोष्ट," अप्पा म्हणायचे. "अगदी पुरी. पान वाढलेलं असल्यावर कोण उठून जातंय?"

महिन्याभरात तात्यांचा मुहूर्त आला. गुरुवार. मध्यस्थ आनंदानं सांगत होता, "तात्यांनी मुद्दाम काढून घेतलाय. व्याह्यांच्या मौनाच्या दिवशी कार्य व्हावं, अशी त्यांची इच्छा आहे. फलटणला सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी."

मध्यस्थ गेल्यावर आई अप्पांसमोर येऊन बसली. "दुसरा मुहूर्त मागू या. मी सांगते, भटजींना विचारते."

"कशाला?" अप्पा म्हणाले. ते कुणाचा तरी मापाचा शर्ट घडी करत होते.

"अहो, मुलीचं लग्न. बापानं तोंडातून शब्द काढायचा नाही?"

"काय सांगायचंय मला?"

"तुमची गोष्ट," मी म्हणाले. "पंगतीत सांगणार होतात."

अप्पांनी शर्टाची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "लोकांना सुखानं जेवू दे, मंदा."

हे वाक्य अप्पांचं नव्हतं. लोकांना कंटाळा येतो, हे अप्पांच्या गावीही नसायचं, म्हणून तर ते अप्पा होते. ते आता त्यांना कळलं होतं, आणि आमच्याच घरातल्या माणसांनी ते कळवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुकानात जाऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. ते माझ्या शालूच्या ब्लाउजला हूक लावत होते. बाहेर मांडवाची गडबड चालली होती.

"अप्पा, आज बुधवार आहे. मला आत्ता सांगा."

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर आधी संकोच होता. मग हळूहळू ती जुनी लकाकी आली. सुई हातात तशीच ठेवून ते म्हणाले, "निरोप आला तो मंगळवार. नाही, बुधवार..." मी गालावर हात ठेवून ऐकायला लागले. त्या दिवशी मला अस्तर हवं होतं, मास्तर हवे होते, गाडीवान तर हवाच होता. अप्पा रंगात आले. मायणी मागे पडली, बैलगाडी मिळाली. बहिऱ्या गाडीवानाची नक्कल करून ते स्वतःच हसले.

"मंदे!" आई आतून ओरडली. "कासार आलाय चुडा भरायला. बायका खोळंबल्यात. ऊठ बघू!"

"एवढं ऐकून येते!"

"संपत नसतंय ते, ऊठ!"

अप्पांनी दातानं दोरा तोडला. "जा. चुड्याला उशीर करू नये."

"मी आलेच चुडा भरून."

चुडा भरून झाला तेव्हा मामाचं बिऱ्हाड उतरलं, मग मेहंदी, मग हळदीची तयारी. दुकानात डोकावले तेव्हा अप्पा पाहुण्यांच्या गाद्या मोजत होते. दुसरा दिवस उजाडला तो गुरुवार होता.

त्या दिवशी अप्पांच्या तोंडाला कुलूप होतं. सीमांतपूजन, अक्षता, सगळं हातवाऱ्यांनी. फलटणचं वऱ्हाड त्यांच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं बघत होतं. येणारा जाणारा पाया पडत होता. ज्या माणसांनी आयुष्यभर अप्पांना पाहून रस्ता बदलला, ते आमचे विटेकरही आज रांगेत येऊन वाकत होते.

कन्यादानाला भटजी अडले. संकल्प तर वधूपित्यानं म्हणायचा असतो. तात्यांनीच तोड काढली, "मंत्राला मौन आड येत नाही." मग अप्पा भटजींच्या मागून एकेक शब्द म्हणू लागले. संस्कृत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि मलाही. पण आवाज त्यांचा होता. माझ्या हातावर त्यांच्या हातातलं पाणी पडत होतं आणि मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्या लग्नात माझे वडील तेवढेच बोलले, आणि तेही दुसऱ्याचे शब्द.

पंगत बसली. अप्पा हातात तुपाची तांबली घेऊन पंगतीतून फिरत होते. माझ्या पानाशी आले आणि थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. सोडतील ते मौन. पान वाढलेलं आहे, कुणी उठून जाणार नाही. पण शेजारी तात्या मान वर करून, हात जोडून बसलेले. अप्पांनी माझ्या वरणभातावर तूप वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि पुढे गेले.

पाठवणीला आई रडून रडून बोलत होती. "सांभाळा हो, एकुलती एक आहे." मामाही बोलला. अप्पा माझ्यासमोर उभे राहिले. ओठ हलले, मिटले. मग त्यांची नजर माझ्या शालूच्या काठावर गेली. तिथं एक धागा निघाला होता. त्यांनी तो बोटाला गुंडाळला, हलकेच ओढून तोडला, काठावरून अंगठा फिरवला आणि तो धागा स्वतःच्या खिशात ठेवला. मला रडू आवरेना. लोक म्हणाले, माहेर सुटतंय म्हणून रडते.

फलटणला गेल्यावर मला थोड्याच दिवसांत एक गोष्ट कळली. तात्या बोलायला लागले की माझे दीर अंघोळीला जायचे, नवरा सायकल पुसायला जायचा आणि सासूबाई डोळे मिटून जप करायच्या. गाणगापूरचा तो प्रवास त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. तात्या महिना-दोन महिन्यांनी गुरुवार गाठून विट्याला जाऊ लागले. "व्याह्यांच्या दर्शनाला जाऊन येतो," म्हणायचे. दर्शन कसलं? दिवसभर दुकानात बसून बोलायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे ते प्रसन्न होऊन. "असा माणूस नाही," म्हणायचे, "किती समजून घेतात!"

एकदा मी माहेरी असताना ते आले आणि सबंध दिवस बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी अप्पांना विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की," अप्पा म्हणाले.

"मग कामाचं निमित्त करून उठायचं. सगळे तेच करतात."

अप्पांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "आपण कंटाळवाणे आहोत हे कळलं ना मंदा, की माणसाला नंतर कुठंच धड बसता येत नाही. मला उशिरा कळलं. त्यांना अजून कळलेलं नाही. कशाला कळू द्यायचं?"

तात्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. अप्पांनी कळू दिलं नाही.

पण गुरुवारचं मौन बुधवारी पसरलं, मग शुक्रवारी. कुणी ठरवलं नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचे, पुढे पुढे मानेनंच द्यायचे. दुकानात आता गिऱ्हाईक स्वतः येत होतं. टेप गळ्याभोवती असताना लोकच अप्पांना आपलं सांगायचे, आणि अप्पा माप घेऊन झाल्यावरही टेप तशीच धरून ऐकत राहायचे. दुकान पूर्वीपेक्षा चांगलं चालायला लागलं. आईला मात्र घर खायला उठायचं. तिनं आयुष्यभर "पुरे हो" म्हटलं होतं, आणि आता तीच त्यांना डिवचायची. "अहो, बबनच्या घराची वास्तुशांत झाली तो सोमवार होता ना?" चुकीचा वार मुद्दाम सांगायची. पूर्वी एवढ्यावर अप्पा तासभर बोलले असते. आता ते "असेल" म्हणायचे. आई पदर तोंडाला लावून आत जायची. ती वारली तेव्हा अप्पा तिच्या उशाशी बसून होते, आणि तिथंही गप्पच होते.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा आजारी आहेत म्हणून मी विट्याला राहायला गेले. दुकान बंद झालं होतं, पण त्यांची खाट त्यांनी मशीनजवळच टाकून घेतली होती. दुपारची वेळ होती. मी त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होते. रस्त्यावर सामसूम होती, कुणी येणार नव्हतं, कासार नाही, गिऱ्हाईक नाही, "पुरे हो" म्हणायला आई नाही. गुरुवारही नव्हता. मी सुई खोचून ठेवली आणि खाटेजवळ सरकले.

"अप्पा, ते गुळवणी मास्तरांचा कोट घालून तुम्ही निघालात..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मायणीपुढे गाडी बंद पडली. बहिऱ्या गाडीवानानं सोडलं. तुम्ही माणगंगेशी आलात. तिथवर मला येतं, अप्पा. पुढं सांगा ना. नदी उतरून घरी आलात, मग?"

मी वाट पाहत राहिले. मला कितीही वेळ होता. नदीला पाणी किती होतं, चपला हातात घेतल्या की पायात, दारात कोण उभं होतं, मास्तरांच्या कोटाला पुढं काय झालं, सगळं ऐकायची माझी तयारी होती. चार दिवस लागले असते तरी मी उठले नसते.

"मग काय," अप्पा म्हणाले. "पोचलो. तू झोपली होतीस."

"आणि?"

"एवढंच."

त्यांनी डोळे मिटले. मला ते सहन होईना. मी त्यांचा हात धरून हलवला. "अप्पा, असं नाही. सुरुवातीपासून सांगा. निरोप आला तो मंगळवार होता, बरोबर?"

मी मुद्दाम चुकीचा सांगितला होता. आईसारखाच. आणि श्वास धरून बसले.

अप्पांनी डोळे उघडले, माझ्या हातावर हात ठेवला आणि मला समजावल्यासारखे म्हणाले, "काय फरक पडतो, मंदा?"